कौलांच्या चुऱ्यावरची मंगळगाडी: एका अडलेल्या बोगीचं प्रकरण

"मोटारीत दमच नाही काका. मोठी मोटार बघूया की."

बेळगावच्या उद्यमबागेत गिअर कापायच्या धंद्यात माझी अनेक वर्षं गेली. हे वाक्य मी गिऱ्हाइकांकडून इतक्यांदा ऐकलंय की ऐकल्याबरोबर शंका येते. दहातल्या आठ वेळा मोटार बिचारी ठीक असते आणि जोर मधेच कुठेतरी मुरत असतो. पण या वेळी तक्रार करणारी गिऱ्हाईक सातवीतली होती, आणि अडलेलं यंत्र लेगोच्या ठोकळ्यांचं होतं.

आमच्या अंगणात दरवर्षी दिवाळीला किल्ला होतो. 2023 साली झाला नाही. 23 ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-3 चं विक्रम चंद्रावर टेकलं, दुसऱ्या दिवशी त्यातून प्रज्ञान खाली उतरलं, आणि आमच्या गल्लीतल्या तीन पोरांच्या डोक्यात ती सहा चाकांची गाडी जाऊन बसली. सातवीतली ही मुलगी, तिचा पाचवीतला भाऊ आणि समोरच्या घरातला कन्नड माध्यमात शिकणारा नववीतला मुलगा. किल्ल्याच्या जागेवर त्यांनी आठ फूट लांब, चार फूट रुंद परग्रह मांडला. आजींनी एकच अट घातली, किल्ला नसला तरी महाराजांची मूर्ती बसली पाहिजे. म्हणून परग्रहाच्या एका टोकाला उंच दगडावर महाराज विराजमान झाले, आणि गाडीने या टोकापासून त्या दगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं असं ठरलं.

माती कुठली, यावर मात पोरांनी डोकं चालवलं. खानापूरकडे कौलांच्या आणि कुंभारकामाच्या भट्ट्या आहेत. तिथून फुटक्या कौलांची दोन पोती आणून ती कुटली आणि चाळली. मंगळाची धूळ लाल दिसते ती लोहाच्या ऑक्साइडमुळे. भाजल्यावर कौल लाल होतं तेही त्याच कारणाने, आणि आमच्याकडच्या जांभ्याचा रंगही तोच. वर काळ्या खडीचे आणि जांभ्याचे दगड टाकले. चंद्र बाजूला राहिला आणि गाडी मंगळाची झाली. इस्रोनेही चंद्रावरच्या मातीची नक्कल करायला तामिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा अनॉर्थोसाइट दगड दळून वापरला होता, हे मी सांगितल्यावर कुटायचा उत्साह दुपटीने वाढला.

हाताशी काय होतं

जुन्या बाजारातून घेतलेला, लेगोच्या माइंडस्टॉर्म्स या यंत्रमानवांच्या मालिकेतला इव्ही-3 चा संच. 541 तुकडे, दोन मोठ्या मोटारी, एक मधली मोटार, एक संगणकी ठोकळा, वळण मोजणारा जायरो. हा संच 2013 साली आला आणि 2022 अखेर ती मालिकाच बंद झाली, त्यामुळे जादा भाग मिळवायचे तर सुटे भाग विकणाऱ्यांच्या मागे लागावं लागतं. पोरांनी नियम केला होता: काहीही कापायचं नाही, चिकटवायचं नाही, भोक पाडायचं नाही. माझ्यासारख्या माणसाला हा नियम फार जाचतो. लेथवर दहा मिनिटांत बुश काढून देता येतं, आणि इथे दोन भोकांमधलं अंतर 8 मिमी म्हणजे 8 मिमीच.

मंगळावरच्या क्युरिऑसिटीला सहा चाकांच्या सहा मोटारी आहेत, शिवाय चार कोपऱ्यांची चाकं वळवायला आणखी चार. एकूण दहा. आमच्याकडे जोरदार म्हणाव्यात अशा दोनच. म्हणून वळायचं ते प्रज्ञानसारखं: चाकं सरळच ठेवायची, एका बाजूची जास्त फिरवायची, दुसऱ्या बाजूची कमी. एका मोटारीने एका बाजूची तिन्ही चाकं ओढायची.

चाकांची मांडणी मात्र नासाची. ती जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या डॉन बिकलर यांनी 1988 च्या सुमारास काढली, आणि 1997 साली सोजर्नर तिच्यावरच मंगळावर फिरली. तिला स्प्रिंग नसते. प्रत्येक बाजूला एक मोठा हात असतो. त्याच्या एका टोकाला एक चाक, दुसऱ्या टोकाला खिळीवर डुलणारी लहान बोगी, आणि बोगीला दोन चाकं. एक चाक दगडावर चढलं की हात आणि बोगी आपापल्या खिळीवर वळतात आणि उरलेली पाच जमीन सोडत नाहीत. आमच्या गाडीत बोगी पुढे होती.

मोटारीचा हिशेब

आधी मोटारीवरचा आरोप तपासला. मोठी मोटार चालताना साधारण 20 न्यूटन-सेंटिमीटर पीळ, म्हणजे फिरवायचा जोर, देते. मोटारीपासून चाकापर्यंत वेग पाचपट कमी केलेला, म्हणजे पीळ पाचपट, 100. चाकाचा व्यास 56 मिमी, त्रिज्या 2.8 सेंमी. भागाकार केला तर 36 न्यूटनच्या आसपास, म्हणजे साडेतीन किलोंच्या वर जोर. निम्मा घर्षणात गेला असं धरलं तरी पावणेदोन किलो उरतो, तोही एकाच बाजूचा. गाडी भरली 1 किलो 200 ग्रॅम. जी मोटार अख्खी गाडी भिंतीवर सरळ वर ओढू शकेल, तिची गाडी दोन इंची दगडापाशी अडत होती.

पाचवीतला म्हणाला, "मग दम जातोय कुठं?" प्रश्न अगदी बरोबर होता.

स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. गाडी सपाट पाटावर ठेवली, एका चाकाखाली काटा, बाकी पाच चाकांखाली काट्याच्याच जाडीच्या वह्या. डाव्या बाजूचं मागचं चाक 305 ग्रॅम. बोगीची दोन्ही चाकं दीडशेच्या आगेमागे. मागचं चाक चुऱ्यात रुतून बसायचं आणि पुढची नुसती गरगरायची. कारण साधं होतं. मोठा हात धडाला बरोबर मधोमध टांगला होता. एका टोकाला एक चाक, दुसऱ्याला दोन, आणि खीळ मधे. खांद्यावरच्या कावडीत एका बाजूला एक घागर आणि दुसऱ्या बाजूला दोन असतील तर माणूस काय करतो? दोन घागरींकडे खांदा सरकवतो. खीळ बोगीकडे सरकवली: बोगीच्या खिळीपासून 4 भोकं, मागच्या आसापासून 8. आता सगळीकडे दोनशेच्या आसपास भरलं. ही दुरुस्ती एका दुपारचीच.

गाडी चुऱ्यात चालायला लागली. दगड मात्र अजून ओलांडता येत नव्हता, आणि आता ती जे करत होती ते बघून तिघंही हसून लोळायला लागले. पुढचं चाक दगडाला लागायचं, वर चढायचं, दगडाच्या डोक्यावर पोचायचं आणि तिथे थांबायचंच नाही. टांग्याचं घोडं बिथरून पुढचे पाय उचलतं तशी बोगी हवेत उभी राहायची, आणि गाडी मधल्या चाकावर बसकण मारायची.

बोगी वर का उचलते

खरं प्रकरण इथे सुरू होतं, आणि कबूल करतो, माझे तीन रविवार चुकीच्या जागी गेले. पहिल्यांदा वाटलं पुढे वजन कमी आहे, म्हणून बॅटरीचा ठोकळा पुढे सरकवला. मग वाटलं टायर घसरतात, म्हणून त्यांवर रबरबँड चढवले (हे चिकटवणं धरायचं का, यावर अर्धा तास गेला). रबरबँडनी पकड वाढली आणि बोगी आणखीच जोरात उठायला लागली. मी चिडलो. खरं तर ती खूण होती: पकड वाढल्यावर जे वाढतं ते पकडीतूनच येतंय.

उलगडा मुलीच्या हातात झाला. तिने एका बाजूची बोगी सोडवून घेतली. नऊ भोकांची पट्टी, मधल्या भोकात खीळ, खिळीवर 24 दात्यांचा गिअर, आणि दोन्ही टोकांच्या चाकांच्या आसांवर 40 दात्यांचे. लेगोचे गिअर 1 मॉड्यूलचे असतात, म्हणजे जितके दाते तितक्या मिमीचा व्यास. 12 अधिक 20 म्हणजे 32 मिमी, बरोबर चार भोकं. सुंदर बसलं होतं, म्हणूनच कुणी त्याच्याकडे परत बघितलं नव्हतं. तिने दोन्ही चाकं मांडीवर दाबून धरली आणि मधला आस बोटांनी फिरवला. पट्टीचं नाक वर आलं.

"काका, हे दाते चाक फिरवायलेत ते वेगळं, पण पट्टीलाच उचलायलेत बघा."

मग मी माझी वही काढली. बोगीचं नाक वर उचलणारी एक गोष्ट प्रत्येकच गाडीत असते. जमीन चाकाला पुढे ढकलते ते खालच्या बाजूने, आणि खीळ असते वर. खालून पुढे ढकललं की नाक वर येतं. मंगळावरच्या गाड्यांत मोटार चाकातच बसवलेली असते, म्हणून तिथे एवढंच घडतं. आमच्याकडे पीळ बाहेरून, खिळीतून येत होता. दोन गिअर एकमेकांना थेट लागले की उलट दिशांनी फिरतात. चाकं पुढे फिरायची म्हणजे मधला गिअर मागे फिरायचा, आणि मागे फिरणारा आस जाता जाता पट्टीलाही मागे पिळायचा. जमिनीचा धक्का एक आणि आमच्याच गिअरचा पीळ दुसरा, दोन्ही एकाच दिशेने. हिशेब मांडला तर आमची बोगी चाकात मोटार असलेल्या बोगीपेक्षा दीडपटीहून जास्त जोराने उठत होती.

मग उपाय काय? मधल्या आणि टोकाच्या गिअरमध्ये आणखी एक गिअर घालायचा. तो वेग बदलत नाही, दिशा बदलतो. मग मधला आस चाकांच्याच दिशेने पुढे फिरतो आणि पट्टीचं नाक खाली दाबतो. वर्कशॉपात याला आम्ही आयडलर म्हणतो आणि त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. आपला मधला माणूस, इकडचं तिकडे पोचवणारा.

नऊ भोकांच्या पट्टीत तो बसला तो असा: पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या भोकात 16 दात्यांचे पाच गिअर. 16 आणि 16 लागतात तेव्हा अंतर 16 मिमी, म्हणजे बरोबर दोन भोकं. आणि यात आमचं नशीब बघा. खीळ आणि चाकांचे आस एकाच सरळ पट्टीत, म्हणजे खिळीची जमिनीपासूनची उंची चाकाच्या त्रिज्येएवढीच. गिअर सगळे सारखे, म्हणजे मधला पीळ दोन्ही चाकांच्या पिळांच्या बेरजेएवढा. जमीन नाक जेवढं वर उचलते, तेवढंच मधला आस ते खाली दाबतो. कागदावर उत्तर शून्य आलं. मुलीने ती वजाबाकी दोनदा करून बघितली, कारण तिच्या मते गणितात शून्य आलं की बहुतेक काहीतरी चुकलेलं असतं.

24-40 मध्ये वेग जो कमी होत होता, ते काम आता मोटारीजवळच्या गिअरांकडे दिलं. एकूण पाचपट कायम. दोन बाजूंना मिळून 16 दात्यांचे दहा गिअर लागणार होते, डब्यात निघाले चार. उरलेले सहा पुण्याहून बसने आले. पाकीट येईपर्यंत आठवडा गेला आणि तोवर घरात कुणाचंही अभ्यासात लक्ष नव्हतं, त्यात मीही आलो.

बसवल्यावर पहिल्याच फेरीत जांभ्याचा 45 मिमी उंचीचा दगड गाडीने ओलांडला. पुढचं चाक चढलं, खाली उतरलं, मधलं चढलं, मागचं चढलं. बोगी जागेवर.

धड डुलतं ते

हा भाग लवकर उरकतो. दोन्ही बाजूंचे हात मोकळे सोडले तर मधलं धड पुढे लवंडतं, जखडले तर हातांचा उपयोगच राहत नाही. म्हणून दोघांच्या मधे अशी जोडणी लागते की डावा जेवढा वर तेवढा उजवा खाली, आणि धड दोघांच्या मधोमध. आम्ही आधी आतून 12 दात्यांचे तिरके गिअर लावले. दात्यांमधली ढिलाई अर्ध्या मिलिमीटरची, पण 6 मिमी त्रिज्येवर तो जवळजवळ 5 अंशांचा होतो. ठोकळा सारखा मान डोलवायचा. मग क्युरिऑसिटीच्या पाठीवर आहे तशी आडवी दांडी वरून टाकली. तोच अर्धा मिलिमीटर 40 मिमी लांबीवर पाऊण अंशही भरत नाही. गिअर कापणाऱ्याने गिअर काढून दांडी लावली, हे वर्कशॉपात सांगितलेलं नाही.

दांडी बसवताना साध्या ठोकळ्यांची उंची जमेना. ठोकळा 9.6 मिमी उंच, भोकं 8 मिमीवर. एक ठोकळा आणि दोन पातळ पट्ट्या रचल्या की 16 होतात आणि दोन भोकांशी जुळतात. हे पाचवीतल्याने शोधलं, मोजून नव्हे, रचून रचून.

चिठ्ठ्यांचा कारभार

गाडी चालते हे ठरल्यावर मी एक खोडी काढली. मंगळ जवळ असताना इथून पाठवलेला संदेश तिथे पोचायला तीन मिनिटं लागतात, लांब असताना बावीसपर्यंत. म्हणजे तिथली गाडी कुणी खेळण्यासारखी चालवत नाही. हुकमांची यादी जाते आणि गाडी ती पार पाडते. म्हणून चालक माजघरात बसणार, त्याला अंगण दिसणार नाही. तो चिठ्ठी लिहिणार, धाकटा ती पळवत अंगणात नेणार, तिथली मुलगी आकडे ठोकळ्यात भरणार, आणि फेरी झाल्यावर एक फोटो आत येणार. चालक झाला नववीतला.

तिसऱ्या चिठ्ठीला गाडी दगडांच्या रांगेत सरळ घुसली आणि कडेच्या विटेवर आपटली. चिठ्ठीत लिहिलं होतं: "मुंदे 40. बल 30." तो कन्नड माध्यमातला. शाळेत हिंदी असल्याने देवनागरी चांगली लिहितो, पण घाईत शब्द घरचे आले. मुंदे म्हणजे पुढे, हे आमच्या गल्लीत शेंबडं पोरही जाणतं. पण कन्नडमधलं "बल" म्हणजे उजवीकडे, आणि मराठी वाचणाऱ्या मुलीने त्याचा अर्थ जोर असा घेतला. गाडी 30 अंश उजवीकडे वळण्याऐवजी तिने मोटारीची ताकद 30 केली आणि गाडी सरळ सोडली. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळे भांडण चांगलंच रंगलं.

मग मी त्यांना 1999 च्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरची हकीकत सांगितली. एका बाजूचं सॉफ्टवेअर जोराचा हिशेब पौंडात देत होतं, दुसऱ्या बाजूने तो न्यूटनमध्ये धरला, आणि यान मंगळाच्या वातावरणात फार खाली उतरून नष्ट झालं. नासाचं असं होतं हे ऐकून दोघांनाही बरं वाटलं. नंतर तक्ता झाला: पु, मा, डा, उ, पुढे आकडा, आणि सेंटिमीटर की अंश हे लिहिलंच पाहिजे. तो माजघराच्या दाराला चिकटवलाय. तक्त्याला नियम लागू नाही.

सुट्टी संपता संपता दहा फेऱ्या घेतल्या, सगळ्या चिठ्ठ्यांवर. सात वेळा गाडी महाराजांच्या दगडापर्यंत पोचली. पूर्ण वेगात ती सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर जाते, प्रज्ञान एक सेंटिमीटर जात होतं. म्हणून आम्ही ताकद मुद्दाम कमी ठेवली, नाहीतर दगडावरून उतरताना आपटते. ज्या तीन फेऱ्या फसल्या त्या तिन्ही वळताना. सरळ चाकांची गाडी जागेवर वळवली की पुढची आणि मागची चाकं आडवी घसटतात, चुरा दोन्हीकडे लोटतात आणि स्वतःसाठी खड्डा खणतात. एका चिठ्ठीत 20 अंशांच्या वर वळायचं नाही असा नियम करून आम्ही वेळ मारून नेली आहे.

मुलीचं म्हणणं, मधल्या चाकांवर वजन जरा वाढवलं तर टोकाची चाकं हलकी होऊन सहज घसरतील. त्यासाठी बोगीची खीळ एक भोक मागे घ्यायची, पुढचं चाक पाच भोकांवर आणि मधलं तीनवर. तिने गिअरही काढलेत: पुढे 16-24-16, मागे 16-8-16. अंतरं मिलिमीटरला मिलिमीटर जुळतात, 40 आणि 24. पण मधल्या गिअरचा आस पुढच्या बाजूला अडीचाव्या भोकावर येतो आणि मागच्या बाजूला दीडाव्या. तशी भोकं पट्टीला नाहीत. माझ्याकडे ड्रिल आहे, दोन मिनिटांचं काम आहे. ते मी एकदा बोलूनही बघितलं. आता धाकटा रोज संध्याकाळी डबा पालथा करून अर्धं भोक सरकवून देणारा एखादा तुकडा शोधत असतो.